पाठमोरा चंडोल

विद्याधर आगटे यांच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द निघालेले आजवर कोणी ऐकलेले नाहीत. गेली अकरा वर्षं आम्ही हॉलंडमधल्या उइटहॉर्न गावात भिंतीला भिंत लागून राहतो आणि त्यातली आठ वर्षं एकाच ऑफिसात आहोत. एवढ्या काळात प्रिंटर का बंद पडला, बस का उशिरा आली, माझी पाठ का दुखते आणि माझ्या बायकोच्या गुळाच्या पोळ्या का फुटतात, ही सगळी कारणं मला आगट्यांकडून कळलेली आहेत. न विचारता.

पक्ष्यांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. कॅनॉलच्या काठाने सायकलवरून जाताना आपण सहज म्हणावं, "काय छान बदक आहे हो," की मागून कचकन ब्रेकचा आवाज येतो. "अंदाजपंचे नको, सबनीस! बदक म्हणजे कुठलं बदक?" मग सायकलच्या रस्त्यावर मधोमध उभं राहून व्याख्यान. मागे डच बायका घंट्या वाजवत असतात, त्यांची मुलं सायकलला पुढे जोडलेल्या पेटीतून आमच्याकडे टकामका बघत असतात, आणि आगटे चोचीच्या रंगावर बोलत असतात.

आमच्या तळ्याकाठी खेमेंटेने, म्हणजे आपल्या नगरपालिकेने, पक्ष्यांच्या माहितीचा फलक लावला. त्यात एका हंसाच्या चित्राखाली भलत्याच हंसाचं नाव पडलं होतं. आगट्यांनी पत्र लिहिलं. नोंद घेतल्याचं उत्तर आलं. आगट्यांनी दुसरं पत्र लिहिलं, सोबत अकरा फोटो. तिसऱ्या पत्रानंतर फलक बदलला, आणि आगटे आमच्याकडे पेढे घेऊन आले. त्यांच्या पत्नी वृंदावहिनी मागून म्हणाल्या, "सईचा निकाल लागला तेव्हा बर्फीवर भागवलं होतं. हंसाला पेढे."

सई ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा जन्म इथलाच, शाळाही इथलीच. आगट्यांच्या दारावर एक पाटी आहे. 'पादत्राणे आणि परभाषा कृपया बाहेर ठेवावी.' पाहुणे हसतात, पण आगट्यांनी ती गमतीत लावलेली नाही. सई बारा वर्षांची असताना एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. पोरगी मागच्या दाराने धावत आली, बूट चिखलात बरबटलेले, चेहरा लालबुंद, आणि डचमध्ये धबाधबा काहीतरी सांगायला लागली. कॅनॉलवर तिने काहीतरी पाहिलं होतं, एवढंच मला कळलं. आगट्यांनी कप खाली ठेवला. "आधी मराठीत सांग. जमत नसेल तर सांगू नकोस."

सई तशीच उभी राहिली. तोंड उघडं, डोळे छताकडे. शब्द शोधत होती बिचारी. मग स्वच्छ मराठीत म्हणाली, "काही नाही," आणि जिना चढून वर गेली.

"बघा," आगटे मला म्हणाले, "मनावर घेतलं की जमतं."

आता ती वीस वर्षांची आहे आणि शिकायला लांब असते. आईला रोज फोन करते. बाबांशी बोलणं होतं का, असं मी एकदा विचारलं, तर वहिनींनी मला आणखी एक लाडू वाढला. मी समजलो.

आगट्यांच्या बाकीच्या तऱ्हा मात्र मला कधी समजल्या नाहीत. उदाहरणार्थ, गेलं दीड वर्ष ते दर गुरुवारी वाचनालयात डच बोलायला जातात. पाटी लावणारा माणूस! कारण विचारलं तर म्हणाले, "लोकांच्या चुका त्यांच्या भाषेत दाखवाव्या लागतात." आणि दर रविवारी बाराच्या ठोक्याला ते घरात असूनही भेटत नाहीत. "मास्ट्रिख्टला एक जाणकार आहेत," त्यांनी एकदा गंभीरपणे सांगितलं. "दर रविवारी बाराला त्यांना माझा एक फोटो जातो. आजवर एकही रविवार चुकलेला नाही."

"आणि चुकला तर?"

"चुकवायचा नाही. एकदा तार तुटली की जोडायला वर्षं लागतात, सबनीस."

पांढऱ्या दाढीचे कोणी डच प्राध्यापक माझ्या डोळ्यांसमोर आले. आगट्यांना धाक घालणारा माणूस जगात आहे, या विचाराने मला बरंच वाटलं.

तर अशा माणसाबरोबर मी आफ्रिकेच्या सफारीला का गेलो? माझी रजा उरली होती, आणि आगट्यांना ड्रायव्हर हवा होता. त्यांचा सिद्धांत असा की फोटो काढणाऱ्याने गाडी चालवू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या अभयारण्यात भाड्याची गाडी घेऊन आपली आपण फिरायचं, असा बेत. तिथे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात. मी पुण्यात शिकलेला आणि हॉलंडमध्ये बिघडलेला ड्रायव्हर. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर सिग्नलऐवजी वायपर फिरायचा आणि शेजारून "डावीकडे! डावीकडे!" असा गजर व्हायचा.

गाडीतले नियम आगट्यांनी विमानातच सांगितले होते. इंजिन बंद. बोलणं बंद. शिंक आली तर गिळायची. आणि सगळ्यात मोठा नियम, मोकळ्या रानात गाडीबाहेर पाऊल ठेवायचं नाही. "नियमांना आगटे जबाबदार नाहीत, सिंह जबाबदार आहेत," असं ते म्हणाले. खिडकीच्या काचेवर कॅमेरा टेकवायला त्यांनी वहिनींकडून जुन्या साडीची उशी शिवून घेतली होती, आत मूग भरून. वहिनींनी स्टीलच्या डब्यात बेसनाचे वीस लाडूही दिले होते. लाडू संपत आले तसा आगट्यांनी डबा आपल्या कामाला घेतला. कॅमेऱ्यातली भरलेली कार्डं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते त्या डब्यात ठेवायचे. "लक्ष्मी रोडचा डबा आहे. आत धूळ जाईल तर शपथ." खाली दोन लाडू, वर कार्डं, असा तो डबा कायम माझ्यासमोर, डॅशबोर्डवर.

मला वाटलं होतं, सिंह बघू, हत्ती बघू. आगट्यांना त्यात रस नव्हता. त्यांना हवे होते मातकट रंगाचे, मुठीएवढे, एकमेकांसारखे दिसणारे पक्षी. त्यातही चंडोल. आफ्रिकेत चंडोलांच्या इतक्या जाती आहेत आणि त्या इतक्या सारख्या आहेत, की देवानेसुद्धा त्या एकाच दिवशी कंटाळून केल्या असाव्यात. चार दिवस आम्ही चंडोलामागे फिरलो. आणि गंमत म्हणजे, पक्षी छान समोर येऊन बसला की आगटे वैतागायचे.

"स्पष्ट आलाय हो," स्क्रीनवर बघून मी एकदा म्हणालो. पिसन्पीस दिसत होतं.

"स्पष्ट नको," आगटे म्हणाले, आणि लेन्समागून पुटपुटले, "अरे बाबा, जरा पाठ कर ना."

लोक लाखाची लेन्स घेतात ती पक्षी स्पष्ट दिसावा म्हणून. हा गृहस्थ पक्ष्याला पाठ करायची विनंती करत होता. कारण विचारावं, तर बोलणं बंद होतं.

शनिवारी सकाळी योग आला. एका वळणावर दहा-अकरा गाड्या थांबलेल्या. डावीकडे झाडाखाली दोन सिंहिणी पसरलेल्या, जेमतेम पन्नास पावलांवर. मी मान लांबवली. आगटे कुजबुजले, "थांबवा!" आणि उजवीकडची खिडकी उघडायला सांगून माझ्या पोटावरून लेन्स बाहेर काढली. उजवीकडे एका काटेरी झुडपावर चंडोल बसला होता. सिंहिणींकडे पाठ फिरवून आम्ही दोघं तो चंडोल बघत होतो. शेजारच्या गाडीतल्या डच जोडप्याला वाटलं, आम्हाला बिबट्या दिसला. त्यांनी गाडी वळवली. त्यांचं बघून आणखी दोघांनी. थोड्या वेळात निम्म्या गाड्या सिंहिणी सोडून आमच्या झुडपाकडे दुर्बिणी रोखून बसल्या. त्या डच बाईने आगट्यांना विचारलं, "कुठे आहे?" आगट्यांनी बोट दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं, आणि मग नवऱ्याला काहीतरी सांगून खिडकीची काच वर केली.

आगट्यांना त्याचं काही नव्हतं. आधी पंख पसरलेला एक स्पष्ट फोटो निघाला तेव्हा ते चुकचुकले होते, पण आता पक्ष्याने पाठ केली होती, पंख मिटले होते, मान किंचित वळवली होती. "झालं!" ते म्हणाले. पुढची चाळीस मिनिटं मला शिकवणी मिळाली. हा साबोटा चंडोल. भुवई पांढरी, चोच जाड, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. याचा एक भाऊबंद आहे, त्याच्या पंखात उघडल्यावर तांबूस रंग दिसतो, याच्यात नाही. पंख मिटलेला असला की भले भले फसतात. "मी नाही फसणार," हे सांगायला ते विसरले नाहीत. शिकवणी संपता संपता दुसरीकडची बबून माकडं झाडावर चढून भुंकायला लागली. "ऐका," आगटे म्हणाले. "सगळे बबून वर आणि एकाच दिशेला बघून ओरडतायत, म्हणजे सिंह चालायला लागला. लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. त्यांनी ते कार्ड काढून डब्यात ठेवलं. "उद्याचा फोटो झाला," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटीच्या दिवशी शाळकरी मुलाच्या असतो तसा आनंद होता.

संध्याकाळी पाचला आम्ही एका विसाव्याच्या जागी चहाला थांबलो. तिथे गाडीतून उतरायची परवानगी असते. आणि आता माझी चूक. उकडत होतं म्हणून मी माझ्या बाजूची काच अर्धी उघडी ठेवून उतरलो. कपात चहा ओततोय तोवर गाडीवर धप्प आवाज झाला. एक थोराड बबून खिडकीतून आत वाकला, क्षणभर नाक वर करून वास घेतला, आणि बेसनाच्या लाडवांचा डबा काखोटीला मारून तीन पायांवर रस्त्याने पळत सुटला.

आगटे ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "सबनीस," ते एवढंच म्हणाले, "रविवार."

चहाचे कप तिथेच टाकून आम्ही गाडीत बसलो. बबून पुढे, आम्ही मागे. सहाला आमच्या मुक्कामाच्या कॅम्पचं फाटक बंद होतं, नंतर पोचलं तर दंड आणि वर अपमान. कॅम्प अर्ध्या तासावर. माझी नजर एकदा घड्याळावर, एकदा बबूनच्या लालभडक पार्श्वभागावर. पाव तास तो रस्त्याच्या कडेने रमतगमत चालला, आम्ही गाडी रांगत नेली. एका वळणावर तो खाली बसला, डबा दगडावर आपटला, झाकण उडालं, लाडू तोंडात गेले. पिशवी त्याने चावून बघितली आणि झटकली. मी आजूबाजूला बघितलं. ते सकाळचंच वळण होतं. सिंहिणींचं झाड तिथेच होतं. सिंहिणी नव्हत्या.

"आगटे, चला इथून," मी म्हणालो. "उद्या दुसरा फोटो पाठवा. हत्तीचे आहेत की कॅमेऱ्यात!"

"हत्तीचं काय होणार?" आगटे म्हणाले. आवाज इतका केविलवाणा होता की मी चमकून बघितलं.

तेवढ्यात बबूनने मान वर केली आणि तो एका उडीत झाडावर गेला. आजूबाजूच्या झाडांवर आणखी पाचसहा दिसले. सगळे वर. आणि सगळे एकाच दिशेला बघून भुंकायला लागले, आमच्या मागच्या उंच गवताकडे.

"ऐकताय ना?" मी म्हणालो. "तुम्हीच शिकवलंत."

"ऐकलं," आगटे म्हणाले, आणि दार उघडून उतरले.

मी त्यांच्या सदऱ्याला हात घातला, तो निसटला. त्यानंतरची तीन मिनिटं मला आजही स्वप्नात दिसतात. चोपन्न वर्षांचा, पोट सुटलेला, टोपीला मागे पडदा लावलेला माणूस आफ्रिकेतल्या रस्त्यावर ओणवा होऊन मातीतून नखाएवढी कार्डं वेचतोय. मी इंजिन चालू ठेवलं, त्यांच्या बाजूचं दार उघडं ठेवलं आणि गवताकडे बघत बसलो. गवत हललं. वारा नव्हता. मी हॉर्नवर हात ठेवला.

"हॉर्न नको," आगटे मान वर न करता म्हणाले. "चार. पाच. एक कमी आहे."

"आगटे, मरायचंय का?"

"आजचंच नाहीये, सबनीस."

सहावं कार्ड झुडपाच्या बुंध्याशी, बोटभर लांबीच्या काट्यांमध्ये पडलं होतं. आगट्यांनी बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. गवतातून पिवळट काहीतरी उभं राहिलं. डोकं होतं. मी हॉर्न दाबला, शुद्ध हरपल्यासारखा दाबला. डोकं थांबलं. आगटे उठले, धडपडले, गाडीत येऊन पडले आणि दार लावलं. मी गाडी सुसाट सोडली. सिंहिणीने आमच्याकडे अर्धा क्षण बघितलं असेल नसेल. तिला आम्ही त्या डच बाईला चंडोल वाटला तेवढेच महत्त्वाचे वाटलो असू.

फाटकातून आत शिरलो तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती. तोपर्यंत मी आगट्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून घेत होते. उजव्या मुठीत कार्ड होतं आणि मुठीतून रक्त ठिबकत होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पावणेबाराला आम्ही कॅम्पच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलो होतो. इंटरनेट तिथेच चालायचं. आगट्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं बँडेजमध्ये होती, आणि डाव्या हाताने त्यांना टाइप करता येत नव्हतं. फोटो कसाबसा फोनवर घेऊन त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "तुम्ही लिहा," म्हणाले. "पण वर-खाली काही बघू नका."

मी त्यांच्या त्या दाढीवाल्या प्राध्यापकाचं नाव शोधत होतो. आगट्यांनी बँडेजच्या बोटाने दाखवलं. वर नाव होतं, सई.

"मास्ट्रिख्टचे जाणकार?" मी विचारलं.

"पक्षिशास्त्र नाही शिकत ती," आगटे लेन्स पुसत म्हणाले. लेन्स स्वच्छच होती. "पण जाण आहे."

बघू नका म्हटलं की डोळे जातातच. एका खाली एक रविवार होते. मागच्या रविवारचा, इथे आल्या आल्या काढलेला सिंह. त्याच्या खाली सईचा एकच शब्द, डचमध्ये 'सिंह'. त्याच्या आधी उइटहॉर्नच्या तळ्यावरचा हंस. एक शब्द, 'हंस'. त्याच्याही आधी तळ्याकाठच्या लव्हाळ्यातला धुरकट, अर्धवट दिसणारा एक मातकट पक्षी. त्याखाली सईच्या सात ओळी. शेपटीबद्दल, आवाजाबद्दल, अमुक नसेल कारण अमुक, आणि शेवटी 'तुम्ही कुठे उभे होतात?' असा प्रश्नसुद्धा. सगळं डचमध्ये. आगट्यांची उत्तरंही डचमध्ये, मोडकी, चुकांनी भरलेली, दुरुस्त न केलेली.

चार दिवस मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, तो पाठमोरा पक्षी का शोधत होता ते मला आत्ता कळत होतं.

"बारा वाजले," आगटे म्हणाले. "फोटो टाका. आणि खाली लिहा, इक वेट हेट नीट."

माझी बोटं थांबली. एवढं डच मलाही येतं.

"कोणाला माहीत नाही?"

"मला."

"अहो, काल चाळीस मिनिटं तुम्हीच मला..."

"लिहा हो."

मी लिहिलं. मला माहीत नाही. तू सांगशील का? फोटो गेला. आगटे फोनकडे बघत नव्हते. समोरच्या झाडाकडे बघत होते, आणि तिथे एकही पक्षी नव्हता.

पाच मिनिटांनी फोन थरथरला. चंडोल, हे नक्की, सईने लिहिलं होतं. पण कुठला? मग चार ओळी. भुवई, चोच. हा असू शकेल किंवा त्याचा तो भाऊबंद. पंख उघडल्यावर आत तांबूस रंग दिसला होता का, बाबा? ओळी डच होत्या, पण 'बाबा' 'बाबा'च होतं. आगट्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

मला एकदम आठवलं. "अहो, तुमच्याकडे त्याच चंडोलाचा पंख उघडलेला फोटो आहे ना, एकदम स्पष्ट! पाठवू का? लगेच निकाल लागेल."

आगट्यांनी बँडेजच्या हाताने झडप घालून फोन ओढून घेतला. दुखलं असणार, चेहरा वेडावाकडा झाला.

"खुळे आहात का, सबनीस? तो पाठवला की संपलं," ते म्हणाले, आणि फोन छातीशी धरून हलकेच पुन्हा आत डोकावले. "थांबा जरा. अजून लिहितेय ती."